पेंढा भरलेलं हरीण

प्रयोगशाळेच्या दारावरचं हरणाचं मुंडकं आठवतंय ना? त्याच्या कानातून भुसा गळायचा आणि आपण त्याला ‘मामा’ म्हणायचो. बाई म्हणायच्या, “हसू नका, निरखून बघा.” काय निरखायचं, ते मला शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये कळलं.

तिथे कार्ल एकलीने घडवलेली पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. चार ऋतूंचे चार देखावे. संग्रहालयाने ते १९०२ मध्ये विकत घेतले. पूर्वी कातडं शिवून आत पेंढा ठासायची सर्रास रीत होती. आपल्या भाषेने ती शब्दात अजून जपली आहे! एकलीने आधी मातीत स्नायू घडवले, त्यांचा साचा काढून हलका, पोकळ देह बनवला आणि त्यावर कातडं चढवलं. झाडांची मेणाची पानं हजारोंनी. त्या कामात त्याची पत्नी डीलिया हिचा मोठा वाटा होता, हे मला फार उशिरा समजलं.

पारख शिंगांवरून करू नये, ती कशीही टिकतात. नाकपुडीची कड आकसली आहे का, कान पुठ्ठ्यासारखा झालाय का, शिवण दिसते का, ते बघावं. उन्हाळ्यातलं हरीण तांबूस हवं, नराच्या शिंगांवर मखमल हवी; हिवाळ्यातलं करडं. आणि डोळा! हरणाची बाहुली आडवी असते.

घरी येऊन दहावीचा फोटो काढला. मागे मामा आहेच. त्याची बाहुली गोल, खेळण्यातल्यासारखी. बाई, तुम्हाला हे तेव्हाच दिसलं होतं ना?