समुदाय माध्यम केंद्रे : माचनूर ते म्हसवड

एखाद्या परिसरातील लोकांनी स्वतःच चालवलेले आणि ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, निवेदन ही कामे त्यांनाच शिकवणारे ठिकाण म्हणजे समुदाय माध्यम केंद्र. भारतात त्याचे सर्वाधिक परिचित रूप सामुदायिक रेडिओचे आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही २००२ च्या धोरणाने परवान्याचे दार केवळ शिक्षणसंस्थांसाठी उघडले; स्वयंसेवी संस्थांना २००६ पर्यंत तिष्ठावे लागले.

या विलंबाची झळ माचनूरला बसली. हैदराबाद-सोलापूर मार्गावरील जहीराबादजवळच्या या गावी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने युनेस्कोच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण केंद्र उभारले, पण प्रक्षेपणाची अनुमती नव्हती. शेतमजुरी करणाऱ्या, बहुतांशी दलित स्त्रियांनी कार्यक्रम मुद्रित केले आणि त्यांच्या ध्वनिफिती गावोगावच्या महिला संघांच्या बैठकांत वाजवल्या. असे सुमारे दशकभर चालले. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ प्रत्यक्ष प्रक्षेपित होऊ लागला. बियाणे, कोरडवाहू शेती, आरोग्य, लोकगीते हे त्याचे विषय.

याच संस्थेतील स्त्रिया त्यापूर्वीच व्हिडिओ चित्रीकरण शिकल्या होत्या. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे छायाचित्रणाची परिभाषा त्यांनी आपल्या अनुभवातून घडवली. वरून खाली पाहणारा कॅमेरा म्हणजे पाटलाची नजर, खालून वर पाहणारा म्हणजे गुलामाची, आणि समोरासमोर, एकाच उंचीवर धरलेला कॅमेरा म्हणजे संघाची. चित्रपटशिक्षणाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने हा धडा इतक्या थोडक्यात दिला नसेल. वारंगळच्या बीटी कापूस उत्पादकांची व्यथा मांडणारा त्यांचा माहितीपट परदेशांतही दाखवला गेला. माचनूरलाच संस्थेची ‘पच्चसाले’, म्हणजे हिरवी शाळा, आहे. तेथे शालेय अभ्यासाबरोबर सुतारकाम, गवंडीकाम, पुस्तकबांधणी असे व्यवसाय शिकवले जातात.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची वाट निराळी. तेथे आरंभ बँकेपासून झाला. चेतना सिन्हा आणि माणदेशातील स्त्रियांनी महिला सहकारी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. पुढे ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा आणि २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा रेडिओ आला. हिशेब, शिवणकाम, शेळीपालन अशा व्यवसायांची शिकवण वर्गात मिळते; वर्गापर्यंत येणे जिला जमत नाही, तिच्यापर्यंत घरकाम चालू असतानाच आवाज पोहोचतो.

अशा केंद्राचे प्रक्षेपक सर्वसाधारणपणे १०० वॅट क्षमतेचे असतात. त्यामुळे आवाका आसपासच्या गावांपुरताच राहतो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकांच्या सहभागातून तयार व्हावेत, असा नियम आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास बंदी आहे. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा ऐकवता येतात. परीक्षा, प्रवेश आणि नोकरीच्या संधींची माहिती मात्र बातमी मानली जात नाही. म्हणजे तालुक्यात शिक्षकांच्या जागा निघाल्याचे केंद्र सांगू शकते. त्या वर्षानुवर्षे रिक्त का राहिल्या, याचे वार्तांकन करू शकत नाही.