शिसपेन्सिलीत शिसं कुठून आलं?

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. कधीच नव्हतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात एक काळं, मऊ, बोटाला माखणारं खनिज सापडलं. मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करत. रंगरूप शिशासारखं, म्हणून पंडितांनीही त्याला शिशाच्या घराण्यात बसवलं. १७७९ मध्ये कार्ल शेले या स्वीडनमधल्या औषधविक्यानं दाखवून दिलं की हे शिसं नव्हे, हा कोळशाचा भाऊबंद. दहा वर्षांनी वेर्नर या खनिजतज्ज्ञानं ‘लिहिणे’ या ग्रीक धातूवरून त्याचं ग्रॅफाइट असं बारसं केलं. मराठीनं मात्र जुनी चूक जपली, आणि मला ती आवडते.

ग्रॅफाइट म्हणजे पापुद्र्यांची चळत. एका मिलिमीटरात सुमारे तीस लाख पापुद्रे, प्रत्येक एका अणूइतका जाड. सुटा पापुद्रा कसा वागेल, याचं गणित वॉलेस या भौतिकतज्ज्ञानं १९४७ मध्येच मांडलं होतं. पण असा पापुद्रा सुटा टिकणारच नाही, असं लांडाऊसारख्या भौतिकतज्ज्ञांचं म्हणणं. तरी १९८६ मध्ये बोएम या जर्मन रसायनतज्ज्ञानं दोन सहकाऱ्यांसह त्याला नाव देऊन टाकलं: ग्राफीन. पुढचा अर्धा भाग ग्रॅफाइटचा. मागचा ‘ईन’ नॅफ्थलीनचा, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा! नॅफ्थलीनमध्ये कार्बनची दोन षटकोनी कडी, अँथ्रासीनमध्ये तीन. अशी कडी जोडतच गेलं की शेवटी ग्राफीन. बाळ यायच्या आधीच पाळण्यावर नाव लिहिलेलं होतं.

बाळ आलं ते कचऱ्याच्या टोपलीतून. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं ग्रॅफाइट स्वच्छ करायला त्यावर चिकटपट्टी लावून ओढतात आणि पट्टी फेकून देतात. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोवोसेलोव यांनी ती फेकलेली पट्टीच पाहिली. तिला चिकटलेला थर पट्टी दुमडून पुन्हा सोलायचा, तो थर पुन्हा सोलायचा. मग पट्टी सिलिकॉनच्या चकतीवर दाबायची. चकतीवर सुमारे तीनशे नॅनोमीटर ऑक्साइड असेल, तर एकेरी पापुद्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून फिकट डागासारखा दिसतो. ऑक्साइडची जाडी जरा चुकली की डाग गायब. २००४ मध्ये शोधनिबंध आला, २०१० मध्ये नोबेल.

कार्बनच्या चार हातांपैकी तीन शेजाऱ्यांना धरून असतात. चौथा इलेक्ट्रॉन मोकळा. तो या पापुद्र्यात जणू वस्तुमानच नसल्यासारखा, सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगानं जातो. संगणकवाले हरखले. पण लवकरच खोड कळली: हा नळ बंदच होत नाही. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागते ती ऊर्जेची दरी ग्राफीनमध्ये नाही, आणि बंद न होणारं बटण हिशेबाच्या कामाचं नाही. त्यामुळे ‘सिलिकॉनचे दिवस भरले’ हे तेव्हाचे मथळे मला आजही उतावळे वाटतात. चुंबकीय संवेदक, पारदर्शक विद्युतवाहक ही ग्राफीनची खरी कामं.

बटणासाठी चुलतभाऊ शोधावे लागले. पट्टीची तीच युक्ती २००५ मध्ये इतर थरदार पदार्थांवर चालली. त्यांत एक मॉलिब्डेनम डायसल्फाइड. गाडीच्या काळ्या ग्रीसमध्ये घालतात तेच. त्याच्या एकेरी थरात ती दरी असते. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या प्रयोगशाळेनं त्याचा ट्रान्झिस्टर केला. बंद आणि चालू यांतला फरक निदान दहा कोटी पटींचा निघाला.

या चुलतभावाचं खनिजही एकेकाळी शिशातच मोजलं जाई. तेही वेगळं काढलं शेलेनंच, ग्रॅफाइटच्या एक वर्ष आधी. पण नाव सुटलं नाही. मॉलिब्डेनम ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ शिसं.