मांडणी : भांड्यांची आणि पडद्यांची

चाळीत वाढलेल्या माणसाला ‘मांडणी’ म्हटलं की आधी आठवते ती स्वयंपाकाच्या भिंतीवरची, ताटं, वाट्या आणि डबे उभे राहतील अशी चौकट. जमीन अडवायची नाही, भिंत वापरायची, हे तिचं साधं तत्त्व. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. गिरगाव, दादर, लालबाग-परळच्या घरांत कचेऱ्या शिरल्या आणि या शब्दाला आणखी एक अर्थ आला. लॅपटॉप कुठे ठेवायचा, त्याला जोडायचा मोठा मॉनिटर कुठे उभा करायचा, आणि त्या वेळी घरातल्या बाकीच्यांनी कुठे जायचं?

पण घरात काम करणं मुंबईला नवं नाही. नवं होतं ते एवढंच, की या कामाला दिवसभर एक पक्की जागा हवी होती. चाळीतली खोली चालत आली ती घड्याळावर. गिरणगावात एका गाळ्यात गावाकडची दहा-पंधरा माणसं राहत, ती पाळ्यांमुळेच. रातपाळीचा माणूस घरी येई तेव्हा दिवसपाळीवाल्याची पथारी मोकळी झालेली असे. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी झोपायची खोली, संध्याकाळी बैठक आणि दिवेलागणीनंतर अभ्यासिका. भिंती त्याच, माणसं आळीपाळीनं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात याचं ठळक उदाहरण आहे. शाळकरी वयात ते परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. सामानानं आणि माणसांनी भरलेल्या त्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून वडिलांनी, रामजी सुभेदारांनी, वेळ शोधली. मुलानं लवकर झोपायचं आणि रात्री दोनला वडिलांनी त्याला उठवायचं. पुढे परळच्याच बीआयटी चाळीत कुटुंबाला दोन खोल्या मिळाल्या. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती; घराजवळ, पण घराबाहेर. १९३० नंतरच्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभं राहिलं, ते पुस्तकं आणि लिहिण्याची जागा मध्ये धरूनच. माझ्या मते मुंबईतल्या मराठी माणसाच्या ‘घरातल्या कचेरी’चा इतिहास या तीन पत्त्यांत निम्मा तरी सांगून होतो.

उरलेला निम्मा बायकांचा, आणि त्यात टेबल नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याची पुढे ‘लिज्जत’ झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की केंद्रावरून पीठ घरी न्यायचं, लाटून-वाळवून पापड परत आणायचे, या पद्धतीत सभासद बाईच्या घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ, पुरेशी जागा आहे का, हे पाहिलं जाई. नसेल तर तिला पीठ मळणं, पाकिटं भरणं अशी केंद्रावरची कामं मिळत. म्हणजे घरून काम करायचं तर घर तसं आहे का, हा प्रश्न आपल्याकडे टाळेबंदीच्या साठ वर्षं आधी विचारला गेला होता. २०२० मध्ये लॅपटॉप घरी पाठवणाऱ्या किती कचेऱ्यांनी तो विचारला?

यंत्रांकडे वळू. शिलाई मशीन चाळीला मानवलं, कारण त्याचं टेबल मशीनच पोटात घेई. झाकण टाकलं की वर मुलांची दप्तरं. १९९० नंतर लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेले संगणक घरोघर आले, ते मात्र उठून जाईनात. काचेच्या नळीचा तो मॉनिटर हातभर खोल, त्याला सरकत्या कीबोर्डचं वेगळं टेबल आणि वर कापडी आवरण. कपाट आणि पलंग यांच्यामध्ये तो देव्हाऱ्यासारखा बसे. लॅपटॉप आला आणि खोलीला हायसं वाटलं, कारण तो मिटतो. काम संपलं की तो फळीवर आणि जेवणाची ताटं जमिनीवर. घड्याळाचा जुना नियम पुन्हा लागू.

मग जादा पडदा कशाला? लॅपटॉप फिरत्या माणसासाठी घडला, त्यात पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात खांद्याशी येतात. हात खाली ठेवले तर मान वाकते. आठ तास तसं बसलेल्याची मान संध्याकाळी बोलते. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप चढवून कीबोर्ड वेगळा जोडणं हा पहिला उपाय. वेगळा मॉनिटर हा दुसरा. शिवाय हिशेब तपासणाऱ्याला खातेवही आणि पावती शेजारी-शेजारी लागतात. एकाच संगणकाला अनेक पडदे जोडायची सोय विंडोजमध्ये १९९८ च्या आवृत्तीपासून आहे. घरात ती शिरली मात्र बरीच उशिरा.

इथे फुटपट्टी काढावी लागते. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटिमीटर रुंद. दोन शेजारी ठेवले की साडेतीन फूट झाले, म्हणजे एका माणसाच्या पलंगापेक्षा रुंद. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची; त्यात साडेतीन फूट ही चैन आहे. उत्तर जुन्या मांडणीतच होतं. चाळीला जमीन कमी, पण उंची भरपूर. म्हणून तर पोटमाळे निघाले. एक मॉनिटर आडवा आणि दुसरा उभा फिरवला, तर दुसऱ्याला जेमतेम एक फूट लागतो. भिंतीवरच्या हातावर तो टांगला तर तेवढंही नाही. पण भिंत कुठली हे आधी पाहावं. गिरगावातल्या लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळीत मधल्या पडदीवर वजन टांगणं धोक्याचं. बीडीडीची भिंत काँक्रीटची, तिथे साधा खिळा वाकतो, मोठं ड्रिल आणावं लागतं.

खुर्ची नसली तरी अडत नाही, असं मी म्हणेन. पेढीवरचे मुनीम उतरत्या बैठ्या डेस्कापुढे मांडी घालून आयुष्यभर लिहीत आले. फूटभर उंचीच्या चौरंगावर मॉनिटर ठेवला, तर त्याची वरची कड मांडी घालून बसलेल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांच्या पातळीला येते, आणि ती तिथेच हवी. अंतर हातभर. दोन पडदे असतील तर जास्त वापराचा नाकासमोर, दुसरा किंचित कलता, आपल्याकडे वळलेला. उठून अधूनमधून गॅलरीत जावं. चाळीत ती सोय फुकट आहे.

अडचण वेगळीच आहे. लॅपटॉप मिटतो, मॉनिटर मिटत नाही. तो उभा राहिला की खोलीतला तेवढा कोपरा दिवसभर एकाचा झाला आणि पाळी मोडली. टाळेबंदीत शाळाही पडद्यावर आल्या तेव्हा कोपरा कोणाचा, हे बहुतेक घरांत पगार पाहून ठरलं. मुलं मोबाइल घेऊन गॅलरीत किंवा जिन्यात बसली. आणि दुपारी स्वयंपाकघरात जरा पडणारी आई, मिक्सर लावायलाही बैठक संपण्याची वाट पाहू लागली.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५००. उंच मजल्यावर उजेड चाळीपेक्षा कितीतरी जास्त. तिथे मॉनिटर ठेवताना खिडकी पाठीशी नको, नाहीतर पडद्यावर आकाशच दिसतं. समोरही नको, डोळे दिपतात. ती डाव्या-उजव्या अंगाला हवी. आणि कोपरा निवडण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून एकदा विचारावं, दुपारी तिथे कोण असतं म्हणून.