येऊ का, माय?

उन्हं तापू लागली की सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो. दसरा-दिवाळीनंतर धारूर, केज, वडवणी, पाटोद्याहून ऊसतोडीला गेलेले कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) गावाकडे परतायला निघतात. पाच-सहा महिने कोपीला (ऊसतोड्यांच्या झोपडीला) कोपी लागून काढलेले असतात. अंधारात एकमेकींच्या सोबतीनं उसाचा फड गाठलेला, एकीचं लेकरू दुसरीनं निजवलेलं. पुढच्या साली मुकादम कोणत्या कारखान्याला टोळी नेईल, सांगता येत नाही. तरी ट्रॅक्टरमध्ये चढण्याआधी बाई शेजारणीला विचारते, ‘येऊ का, माय?’

या विचारण्यापाशी मी थांबतो, कारण ‘निरोप’ शब्दाची वाटही तिथंच येऊन पोचते. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीत, ‘निरोपणे’ म्हणजे सांगणे, उलगडून सांगणे. कीर्तनातलं ‘निरूपण’ त्याच घरचं. शेजारच्या कन्नडात ‘निरूप’ म्हणजे राजाची आज्ञा. सांगणं, मग आज्ञा, मग जाण्याची आज्ञा, अशी या शब्दाची वाट मला दिसते. म्हणून निरोप ‘धाडतात’ तेव्हा तो सांगावा असतो आणि ‘घेतात’ तेव्हा परवानगी. ‘रजा’ही याच वाटेनं आली. अरबीत तिचा अर्थ संमती. ‘राजी’ तिचाच भाऊबंद. पाहुणा ‘रजा घेतो’ म्हणाला, की तो यजमानाची संमतीच मागत असतो.

‘बोळवण’ मात्र हाल सोसून आहे. व्युत्पत्तीकार तिचा संबंध प्राकृतातल्या ‘वोल’शी, म्हणजे पुढे जाण्याशी, लावतात. जाणाऱ्याला शिवेपर्यंत सोबत करायची, हाती काही द्यायचं. सासरी निघालेल्या लेकीची साडी-चोळीनं बोळवण करायची. आता वर्तमानपत्रात ऊसतोड मजुरांची ‘आश्वासनांवर बोळवण’ होते. भरल्या हातानं निरोप देण्याचा हा शब्द रिकाम्या हातांसाठी वापरलेला पाहिला की मला वाईट वाटतं. खरी बोळवण अजून कोप्यांपाशी होते. शेजारीण लेकरू काखेला मारून, दुसऱ्या हातात मैत्रिणीचं गठुडं घेऊन ट्रॅक्टरपर्यंत येते, कपाळाला कुंकू लावते.

पूर्वी या मैत्रिणींचे निरोप आठवडी बाजारात भेटलेल्या पावण्याच्या तोंडी जात; आता फोन आहे. निघतानाचा शब्द मात्र बदललेला नाही. परदेशातली नोकरी सोडून निघालेला बीडचा पोरगाही तिथल्या मराठी दोस्तांना ‘येतो रे’ म्हणतो. पुन्हा त्या शहरात पाय पडणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी ‘जातो’ हा शब्द जिभेवर येत नाही. दारातून निघताना तो उच्चारू नये, हे आजीनं लहानपणीच शिकवलेलं असतं.

आणि कोपीपाशी ‘येऊ का?’ला उत्तरही ‘जा’ असं मिळत नाही. गठुडं वर देत शेजारीण म्हणते, ‘ये, माय.’