बंपरच्या मधली चार इंचांची पट्टी

आज सुरुवातीलाच एक फोटो डोळ्यांसमोर आणा. कृष्णधवल. इंग्लंडमधला एक रस्ता, कडेला उभी असलेली गोलमटोल छोटी गाडी, शेजारी सूटबूटातले आजोबा. फोटोच्या मागे कुणीतरी पेनाने लिहिलंय, 1950. जुन्या गाड्यांचा एखादा शौकीन एक नजर टाकतो आणि म्हणतो, "साल चुकलंय."

कसं कळलं त्याला? तेच आज बघूया.

ही गाडी म्हणजे मॉरिस मायनर. अलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनिअरने घडवलेली, 1948च्या लंडन मोटार शोमध्ये लोकांसमोर आलेली. तिची पहिली खूण बंपरवर आहे. गाडी जवळपास तयार झाली होती, पण इसिगोनिसला ती अरुंद वाटायला लागली. त्याने नमुन्याची गाडी चक्क मधोमध उभी कापायला लावली आणि दोन्ही अर्धे हळूहळू लांब सरकवून पाहिले. चार इंचांवर त्याचं समाधान झालं. पण बंपर आधीच बनून पडले होते! मग तेही मधोमध कापले आणि मध्ये पट्टी जोडली. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांच्या बंपरवर ते ठिगळ दिसतं. बॉनेटच्या मधोमध एक सपाट पट्टाही आला, तो तर कायमचाच राहिला.

दुसरी खूण, हेडलाइट. आधी ते खाली, जाळीच्या दोन बाजूंना होते. अमेरिकेचे दिव्यांचे नियम वेगळे, त्यामुळे तिकडे पाठवायच्या गाड्यांचे दिवे 1949मध्येच वर, मडगार्डवर गेले. 1951पर्यंत सगळ्याच गाड्यांचे गेले. आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेसाठी एवढी धावपळ कशाला? तर महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेला होता, डॉलर हवे होते. जो कारखाना माल परदेशात विकेल, त्याला सरकार पोलाद देई. म्हणजे बघा, दिव्यांच्या जागेतसुद्धा देशाची तंगी दिसते.

तिसरी खूण, पुढची काच. 1956पर्यंत दोन सपाट काचा, मध्ये उभी पट्टी. त्यानंतर एकच वळलेली काच.

चौथी खूण मला सगळ्यात आवडते. वळताना दाराशेजारच्या खांबातून एक छोटा दांडा हातासारखा बाहेर यायचा. 1961मध्ये तो गेला आणि लुकलुकणारे इंडिकेटर आले.

आता परत फोटोकडे या. काच एकसंध आहे, म्हणजे 1956च्या आधीचा नाही. खांबात दांड्याची खाच दिसतेय, म्हणजे गाडी 1961 किंवा त्याआधीची. 1950 साल बादच! अर्थात मालक नंतर सुटे भाग बदलतात, म्हणून खरे शौकीन एका खुणेवर कधीच विसंबत नाहीत. दोन-तीन खुणा जुळल्या तरच बोलतात.

कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांनी या गाडीला पोच्ड एग म्हणून हिणवलं होतं, असं सांगतात. पुढे दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

आपलाही या घराण्याशी संबंध आहे बरं का. मायनर आपल्याकडे बेबी हिंदुस्थान नावाने आली. आणि मायनरच्याच घरातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अँबॅसडर झाली, जी 2014पर्यंत बनत होती. तिचेही मार्क वन, मार्क टू जाळीवरून ओळखणारे काका तुमच्या घरात असतील.

तर एक काम करा. घरातला जुना अल्बम काढा आणि गाडीशेजारी उभं राहून काढलेला एखादा फोटो शोधा. माणसांना साल आठवत नसेल, तर गाडीला विचारा. आणि काकांना शेजारी बसवा. फोटोतल्या खुणा आपल्याला शिकता येतील, पण त्या दिवशी गाडीत कोण कोण बसलं होतं, ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

भेटूया पुढच्या भागात!