विसरलेले शिसे

घरातला नळ गळू लागला की आपण प्लंबरला बोलावतो. हा शब्द लॅटिनमधल्या ‘प्लंबम’वरून आला. प्लंबम म्हणजे शिसे. प्राचीन रोममध्ये घरोघरी पाणी नेणारे नळ बहुधा शिशाचे असत. ते प्रकृतीला अपायकारक आहे, हे तेव्हाही जाणत्यांना ठाऊक होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या स्थापत्यकाराने मातीच्या नळातले पाणी अधिक आरोग्यदायी, असे लिहून ठेवले. त्याचे कोणी फारसे ऐकले नाही. रोमनांनी एक गोष्ट मात्र चांगली केली. पुष्कळ नळांवर सम्राटाचे, मालकाचे किंवा कारागिराचे नाव उठवलेले असे. म्हणून दोन हजार वर्षांनीही अनेक नळ कोणाचे, हे सांगता येते.

अमेरिकेला हे साधले नाही. एकोणिसाव्या शतकात तिथे शहरोशहरी नळाचे पाणी आले, तेव्हा रस्त्याखालच्या मोठ्या वाहिनीपासून घरापर्यंतचा जोडनळ अनेक ठिकाणी शिशाचा घातला गेला. मऊ असल्यामुळे तो हवा तसा वाकवता येई. शिकागोत तर पुढे तसा नियमच होता. १९८६ मध्ये केंद्रीय कायद्याने असे नवे नळ घालायला बंदी केली. पुरलेले मात्र तसेच राहिले आणि कोणत्या घराला कोणता नळ, याचा विसर पडत गेला.

या विसराची झळ मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराला बसली. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी तिथे डेट्रॉइटहून येणारे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे सुरू झाले. नळ झिजू नयेत म्हणून पाण्यात घालायचे रसायन घातलेच नाही. नळातला संरक्षक थर सुटला आणि शिसे पाण्यात उतरले. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे आकडे जाहीर केले. शिशाने कोवळ्या मेंदूची झालेली हानी भरून येत नाही.

शिशाचे नळ काढायचे ठरले. पण ते होते कुठे? पालिकेच्या दप्तरात हजारो जुनी, हाताने लिहिलेली कार्डे निघाली आणि त्यांतली बरीच चुकीची. शेवटी घराचे वय, ठिकाण अशा माहितीवरून संगणकाकडून अंदाज घ्यावा लागला. २०१८ मध्ये तो बाजूला ठेवून खोदाई केली, तेव्हा बहुतेक खड्ड्यांत तांब्याचेच नळ निघाले.

घरात शिरतो तिथे नळ ओळखणे तसे सोपे आहे. नाण्याने हलकेच खरवडावे. तांबे रंगावरून कळते. लोखंडाला चुंबक चिकटते. शिसे वरून राखाडी, पण खरवडले की चांदीसारखे चमकते आणि चुंबकाला दाद देत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळही निर्धास्त नव्हे. त्याच्या आधी शिशाचा तुकडा असेल, तर शिसे त्याच्या गंजात साचते. शिवाय घरातला भाग तांब्याचा आणि रस्त्याकडचा शिशाचा, असेही आढळते.

अमेरिकेत पाणीपुरवठा यंत्रणांना ऑक्टोबर २०२४ पर्यंत जोडनळांची यादी करावी लागली. त्या यादीत ‘माहीत नाही’ हाही एक रकाना आहे आणि त्यात येणाऱ्या घरांनाही तसे कळवावे लागते. नळ पुरताना वहीत एक ओळ नीट लिहिली असती, तर या रकान्याची गरज पडली नसती.