तंबाखूचे चलन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांनी वसविलेल्या वसाहतींचा आर्थिक इतिहास चाळू लागले, की प्रथम नजरेत भरते ते तेथील नाण्यांचे दुर्भिक्ष. विलायत सरकार आपली नाणी तिकडे जाऊ देत नसे, आणि वेस्ट इंडीजच्या व्यापारातून जी स्पॅनिश रौप्यमुद्रा हाती येई ती विलायती मालाच्या किमतीपोटी पुन्हा समुद्रापार जाई. मॅसॅच्युसेट्सने 1652 मध्ये राजाज्ञेवाचूनच बोस्टनला टांकसाळ घातली, व पुढे कित्येक वर्षे पाडलेल्या बहुतेक नाण्यांवर तेच एक साल कोरले; कारकुनी चातुर्याचा हा मासला मोठा रम्य आहे.

व्हर्जिनियाची वाट निराळी. 1607 मध्ये एका सनदी कंपनीने सोन्याच्या आशेने जेम्सटाऊन वसविले. सोने तर मिळाले नाहीच, उलट उपासमारीने माणसे मेली, आणि जॉन रॉल्फने 1612 च्या सुमारास वेस्ट इंडीजकडील सौम्य जातीची तंबाखू लावली तेव्हा कोठे वसाहतीच्या मालाला गिऱ्हाईक लाभले. मग तंबाखू हेच चलन झाले. कर तंबाखूत, दंड तंबाखूत, आणि 1696 च्या कायद्यान्वये पाद्र्यांचे सालीना वेतनही 16000 पौंड तंबाखू! परंतु पैसाच शेतात पिकू लागल्यावर तो पेरण्याचा मोह कोणास आवरणार? भाव कोसळले, आणि चांगला माल विलायतेस धाडून निकृष्ट पान सरकारदेण्यात भरण्याची रीत पडली. अखेर 1730 च्या कायद्याने सरकारी कोठारांत प्रत्येक पिंपाची पारख होऊ लागली. टाकाऊ माल जाळीत, आणि पसंत मालाची जी पावती मिळे ती नाण्यासारखी हातोहात फिरे. त्या शेतांत राबणारे हात मात्र उत्तरोत्तर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते, आणि त्यांच्या नावे कोणत्याही पावतीवर एक पेनीही जमा नव्हती.

पुढे विलायतेविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींच्या काँग्रेसने बेसुमार नोटा छापल्या आणि 1781 पर्यंत त्या कवडीमोल झाल्या. 1790 मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने राज्यांचे युद्धकर्ज मध्यवर्ती सरकारच्या शिरावर घेण्याची योजना मांडून राष्ट्राची पत सावरली, याचे श्रेय इतिहासकार त्याला देतात ते योग्यच. पण कागदामागे माल अथवा वसूल उभा असेल तरच तो कागद चालतो, हा धडा व्हर्जिनियाच्या कोठारांतील पारखनिसांनी साठ वर्षे आधीच गिरवून ठेवला होता, असे माझे मत आहे. 1792 मध्ये स्वतःच्या टांकसाळीचा कायदा झाला, तरी स्पॅनिश डॉलर त्या देशात 1857 पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालतच राहिला.